विद्यार्थ्यांचा ताण आणि यंत्राची पारख

स्मरणिकेसाठी यंदा बाजारभाव, करआकारणी अथवा वाहतुकीच्या अडचणी यांखेरीज काही निराळे लिहून द्यावे, असा संपादक मंडळाचा निरोप आला. निराळे म्हणजे काय, याचा फार शोध करावा लागला नाही. गेले काही महिने एक विषय मनात घोळत आहे. तो व्यापाराचा नव्हे. परंतु ज्या घरांतील मुलेमुली शिक्षणासाठी परगावी राहिली आहेत त्या प्रत्येक घराचा तो आहे, आणि आपल्या सभासदांत असे घर नसलेला सभासद शोधूनच काढावा लागेल.

ऑगस्ट २०२५ मधील गोष्ट. श्रावणाची झड लागली होती. रविवार पेठेत गाड्यांची वर्दळ कमी, आणि दुकानात गिऱ्हाइकापेक्षा पागोळ्यांचाच आवाज अधिक. अशा दुपारी चार विद्यार्थी, दोन मुलगे व दोन मुली, छत्र्या मिटीत पायरी चढून आले. अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाची ही मंडळी. त्यांतील एकीने मोठ्या धिटाईने बोलावयास आरंभ केला. ‘काका, विद्यार्थ्यांच्या मनावरचा ताण ओळखणारे एक साधन आम्ही तयार करीत आहोत. मनगटावरचा पट्टा, फोनमधले अ‍ॅप आणि वर्गातला कॅमेरा, या तिहींची माहिती कृत्रिम बुद्धिमत्तेला पुरवायची, आणि कोणता विद्यार्थी संकटात आहे ते तिने सांगायचे. आमची चाचणी त्र्याण्णव टक्के अचूक ठरली आहे.’ साहित्यासाठी त्यांस साठ हजार रुपये हवे होते.

देणगी मागणारे दुकानावर नित्य येतात. आपण पावती पाहतो, रक्कम घासाघीस करून ठरवितो, आणि मोकळे होतो. या मुलांना मात्र मी तसे परत पाठवू शकलो नाही. त्याचे कारण पुढे येईल. त्यांना मी दोन आठवड्यांनी यावयास सांगितले आणि तेवढ्या अवधीत या विषयावर जे मिळेल ते वाचून काढले. मूळच्या कारकुनी सवयीने टाचणे ठेवली. हा लेख त्या टाचणांवरून लिहिला आहे.

‘ताण’ हा शब्द आज लहान मुलाच्याही तोंडी आहे. पण वैद्यकात त्याला आलेला अर्थ शंभर वर्षांचाही नाही. कॅनडातील मॉन्ट्रियल येथील मॅकगिल विद्यापीठात हान्स सेल्ये नावाचे शास्त्रज्ञ उंदरांवर प्रयोग करीत होते. थंडी असो, जखम असो, विष असो, आघात कोणताही असला तरी शरीर त्यास ठरावीक एकाच पद्धतीने तोंड देते, असे त्यांना दिसले, आणि १९३६ साली ‘नेचर’ या नियतकालिकात त्यांनी एका छोट्याशा पत्राने ते प्रसिद्ध केले. तेथून हा विचार वाढत गेला. छाती धडधडते, तळहात घामेजतात, बोटे गार पडतात, हे आपणांस अनुभवाने ठाऊक आहे. यंत्र नेमके हेच मोजते. घाम सुटला की कातडीतून वीज अधिक सुलभतेने वाहते. ती वाढ मनगटावरचा पट्टा टिपतो. हृदयाच्या दोन ठोक्यांमधले अंतर नेहमी सारखे नसते, त्यात थोडी कमीजास्ती चालते; ताणाखाली ही कमीजास्ती बहुधा आकसते, तेही तो टिपतो.

आता या आकड्यांवरून ‘हा ताणात आहे, हा नाही’ असे यंत्र ठरविते कसे? आपल्या आडतीत नवा मुलगा गुळाची प्रत ओळखावयास शिकतो तसेच. त्याला कोणी पुस्तक देत नाही. जुन्या माणसाशेजारी त्याला दोन हंगाम बसवितात. जुना माणूस रवा पाहून ‘हा एक नंबर, हा दोन नंबर’ म्हणत जातो, आणि हळूहळू मुलाची नजर तयार होते. कृत्रिम बुद्धिमत्तेसही असेच हजारो नमुने उत्तरासकट दाखवितात, आणि ती आपली आपण खूण धरते. म्हणूनच पहिला प्रश्न हा पडतो, की नमुने कोठले, आणि ‘एक नंबर, दोन नंबर’ म्हणणारा तो जुना माणूस कोण?

दुसऱ्या भेटीत मी हाच प्रश्न विचारला. मुलांनी प्रामाणिकपणे सांगितले, की नमुने त्यांनी स्वतः गोळा केलेले नाहीत. जर्मनीतील संशोधकांनी २०१८ साली सर्वांसाठी खुला केलेला ‘वेसॅड’ नावाचा एक संग्रह आहे, तो त्यांनी वापरला. त्र्याण्णव टक्क्यांचा आकडाही मूळ संशोधकांच्याच निबंधात आढळतो. हा संग्रह किती माणसांचा? १५ जणांचा. त्यांत १२ पुरुष आणि ३ स्त्रिया. त्यांच्यात ताण निर्माण केला तो असा : परीक्षकांपुढे उभे राहून पाच मिनिटे स्वतःविषयी भाषण करावयाचे, आणि मग २०२३ या आकड्यातून सतरा-सतरा वजा करीत शून्यापर्यंत यावयाचे. चुकले की पुन्हा पहिल्यापासून.

हे ऐकून पलीकडे रोजकीर्द लिहीत बसलेले आमचे दिवाणजी मान वर न करता म्हणाले, ‘एकशे एकोणीस वेळा. बाकी उरत नाही.’ त्यांच्या कपाळावर घाम नव्हता. मुले हसली, पण यातला मुद्दा त्यांच्या ध्यानात आला असावा. एकाला जो ताण तो दुसऱ्याचा विरंगुळा असू शकतो. शिवाय पाच मिनिटांचे भाषण ही एक गोष्ट, आणि घरच्यांनी कर्ज काढून पाठविलेल्या मुलाने सलग तीन सत्रे मागे पडत जाणे ही अगदीच दुसरी. पहिलीत छाती धडधडते. दुसरीत पुष्कळदा काहीच धडधडत नाही. माणूस नुसता गप्प होतो.

या गप्प होण्याचा शोध घेणारा एक प्रयोग अमेरिकेत झाला आहे, आणि तो मला अधिक महत्त्वाचा वाटला. न्यू हॅम्पशायर राज्यात हॅनोव्हर या लहानशा गावी डार्टमथ कॉलेज आहे. तेथील संगणकशास्त्राचे प्राध्यापक अँड्र्यू कॅम्पबेल आणि रुई वांग आदी त्यांचे विद्यार्थी यांनी २०१३ च्या वसंत सत्रात ‘स्टुडंटलाइफ’ नावाचा अभ्यास केला. फोनसाठी कार्यक्रम कसे लिहावेत हे शिकविणाऱ्या एका वर्गातील ६० विद्यार्थी त्यात स्वखुशीने सामील झाले. काही मधून गळाले, आणि दहा आठवड्यांच्या अखेरीस ४८ राहिले. त्यांच्या फोनमध्ये एक अ‍ॅप बसविले होते. चालणे किती झाले, फोन कोठे कोठे गेला, खोलीत अंधार व शांतता किती वेळ होती, आसपास माणसांचे संभाषण किती वेळ चालले, हे सारे ते अ‍ॅप मुकाट्याने नोंदवीत असे. संभाषण चालू आहे एवढेच नोंदावयाचे, शब्द साठवावयाचे नाहीत, अशी व्यवस्था होती. अधूनमधून फोनच विचारी, ‘आता ताण कितपत वाटतो?’ या उत्तरांची, आणि सत्राच्या आरंभी व अखेरीस भरून घेतलेल्या प्रश्नावल्यांची, फोनच्या नोंदींशी ताळमेळ घालून पाहिली. २०१४ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

सत्राच्या आरंभी मुले ताजीतवानी होती. झोप पुरेशी, बोलणे-चालणे भरपूर, ताण कमी. जसजसा अभ्यासाचा बोजा वाढत गेला तसतशी झोप घटली, बोलणे घटले, हिंडणे-फिरणे घटले, आणि ताण चढत गेला. ज्या मुलांची झोप कमी आणि इतरांशी बोलणे कमी, त्यांच्यात विषण्णतेची लक्षणे अधिक आढळली. एक बाब मात्र अनपेक्षित निघाली. वर्गातील हजेरी आणि परीक्षेतील गुण यांचा काही संबंध त्या अभ्यासात दिसून आला नाही. ज्या हजेरीपटावर आपल्या सर्व शिक्षणसंस्था विसंबून असतात, तो हजेरीपट निदान त्या वर्गापुरता तरी मुका ठरला.

हे वाचले त्या रात्री मला झोप आली नाही. या चार विद्यार्थ्यांना मी का परत पाठवू शकलो नाही, ते आता सांगतो.

आमचा धाकटा मुलगा २०१८ साली शिक्षणासाठी बाहेरगावी वसतिगृहात होता. गाव आणि संस्था यांची नावे देण्याचे प्रयोजन नाही. रोज रात्री साडेनऊला त्याचा फोन येई. दीड-दोन मिनिटांचे बोलणे. त्यात माझा प्रश्न ठरलेला, ‘टेस्टमध्ये किती पडले?’ त्याचे उत्तरही ठरलेले, ‘ठीक आहे, अप्पा.’ दिवाळीला तो आला नाही, अभ्यास आहे म्हणाला. आम्हाला त्याचे कौतुकच वाटले. वसतिगृहाच्या दप्तरी तो अत्यंत नियमित विद्यार्थी होता, कारण सकाळच्या हजेरीला तो न चुकता उभा राहत असे आणि नंतर खोलीत जाऊन दार लावून घेत असे.

ही गोष्ट ध्यानात आली ती जेवणघरातील आचाऱ्याच्या. सूर्यास्तापूर्वी जेवणारी चार-पाच मुले तेथे होती, त्यांची ताटे तो निराळी मांडी, आणि खाडे धरण्यासाठी एक वही ठेवी. खाड्याचे पैसे महिनाअखेर वजा होत, म्हणून ती वही चोख असे. आमच्या मुलाच्या नावापुढे एका महिन्यात अठरा खाडे पडले. आचाऱ्याने प्रथम त्याला विचारले. उत्तर मिळाले नाही. मग त्याने वहीच्या पहिल्या पानावर लिहिलेला आमच्या दुकानाचा नंबर फिरविला. ‘शेठजी, पोरगं जेवत नाही. येऊन जा,’ एवढेच तो बोलला. मी दुसऱ्या दिवशी पोहोचलो. त्या खोलीत मी काय पाहिले ते येथे लिहीत नाही. मुलगा आज बरा आहे, स्वतःच्या पायावर उभा आहे. हा मजकूर छपाईस देण्यापूर्वी मी त्याला वाचून दाखविला. त्याने दोन वाक्ये गाळावयास सांगितली, ती गाळली आहेत.

डार्टमथचे ते फोन आणि आमच्या आचाऱ्याची ती वही यांनी पाहिले ते एकच. जेवण, झोप, बोलणे, बाहेर पडणे यांत पडलेला खंड. वही अठरा खाडे दाखवू शकली; परंतु फोन फिरविला तो माणसाने. यंत्राविषयी पुढे जे लिहितो ते हे मनात ठेवून वाचावे, अशी विनंती आहे.

तर आता त्या त्र्याण्णव टक्क्यांचा हिशेब करू. आपणां व्यापाऱ्यांना टक्केवारीने कोणी सहसा फसवू शकत नाही, पण येथे मीही क्षणभर फसलो होतो. समजा, एका वसतिगृहात ६०० विद्यार्थी आहेत आणि त्यांतील ३० जण खरोखर अडचणीत आहेत. ‘सर्व काही क्षेम आहे’ एवढेच रोज सांगणारे एखादे यंत्र आपण तेथे ठेवले, तर ते ५७० जणांच्या बाबतीत बरोबर ठरेल, म्हणजे पंचाण्णव टक्के अचूक! आणि उपयोग शून्य. म्हणून अचूकता एका आकड्यात सांगणाऱ्याला आपण दोन आकडे विचारावेत. अडचणीत असलेल्यांपैकी कितीजण यंत्राला सापडले, आणि जे अडचणीत नव्हते त्यांपैकी किती जणांवर उगाच बोट ठेवले गेले?

समजा, यंत्र चांगले आहे. शंभरांतील ऐंशी अडचणीतले ते हुडकते आणि शंभरांतील वीस निर्दोषांवर चुकून खूण करते. मग ३० पैकी २४ सापडले. उरलेल्या ५७० पैकी ११४ जणांवर उगाच खूण झाली. एकूण १३८ नावांची यादी निघाली, तीत खरी २४, म्हणजे सहांत एखादे. आणि सहा मुले यादीत नाहीतच. त्यांच्याबाबत सर्वजण निश्चिंत. अशी यादी एका समुपदेशकापुढे ठेवली आणि तो दिवसाला चौघांशी नीट बोलला, तर शेवटच्या नावापर्यंत येण्यास त्याला पस्तीस दिवस लागतील. अर्थात न्यायाने बोलावयाचे तर दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. यंत्र नसते तर समुपदेशकाला विसांत एकाचा शोध घ्यावा लागला असता. आता सहांत एकाचा. हे अगदीच टाकाऊ नव्हे. पण ज्या संस्थेत समुपदेशकच नाही, तेथे ही यादी कोणाच्या मेजावर जाऊन पडणार?

आणखी एक गोष्ट गुळाच्या धंद्यातल्या माणसाला सांगावयास नको. कोल्हापुरी गुळावर तयार झालेली नजर दुसऱ्या मुलखातल्या गुळावर चुकते. माती निराळी, ऊस निराळा, रंग निराळा. यंत्राचेही तसेच होते. अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठातील संशोधकांनी २०१८ ते २०२१ या चार वर्षांत विद्यार्थ्यांच्या फोन व मनगटी पट्ट्यांची माहिती गोळा करून २०२२ मध्ये ‘ग्लोबेम’ या नावाने ती खुली केली, आणि विषण्णता ओळखण्याच्या पूर्वीच्या निरनिराळ्या पद्धती तीवर पारखून पाहिल्या. एका गटात उत्तम चाललेली पद्धत दुसऱ्या गटात, किंबहुना दुसऱ्या वर्षीच्या गटातही, बरीचशी लंगडी पडते असे दिसून आले. मग हॅनोव्हरच्या बर्फात तयार झालेली नजर बेळगावच्या पावसात, एका खोलीत चौघे राहणाऱ्या मुलांवर, किती चालेल? एका खोलीत चौघे म्हटल्यावर ‘आसपास संभाषण चालू आहे’ ही नोंद तर चोवीस तास होत राहील, आणि त्यात आपले मूल एक शब्दही बोलत नसेल.

वर्गातील कॅमेऱ्याविषयी मी मुलांशी थोडा कडकपणे बोललो. चेहऱ्यावरून मन वाचता येते ही समजूत जुनी आहे, आणि दुकानदार म्हणून ती आपणही बाळगतो. परंतु लिसा फेल्डमन बॅरेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ साली या विषयावरील संशोधनाचा विस्तृत आढावा घेतला, त्यात केवळ मुद्रेवरून भावना खात्रीने ओळखता येत नाही, असाच निर्वाळा दिला आहे. कपाळाला आठी घातलेला विद्यार्थी रागावलेला असेल, अथवा नुसता फळा वाचीत असेल. युरोपीय संघाने तर आपल्या कृत्रिम बुद्धिमत्ताविषयक कायद्यान्वये शाळा-महाविद्यालयांत आणि कामाच्या ठिकाणी शरीराच्या खुणांवरून भावना ताडणाऱ्या यंत्रांवर २ फेब्रुवारी २०२५ पासून बंदी घातली आहे. वैद्यकीय अथवा सुरक्षिततेच्या कारणांपुरताच अपवाद ठेवला आहे. आपल्या देशात २०२३ चा वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा आहे. त्यात अठरा वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यास पालकांची पडताळता येईल अशी संमती आवश्यक मानली आहे, आणि मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवण्यास मनाई केली आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम प्रसिद्ध झाले. शिक्षणसंस्थांना त्यांत मर्यादित सूट आहे, आणि मुख्य तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू व्हावयाच्या आहेत. बारावीची, प्रवेश परीक्षांच्या वर्गांतली आपली बहुतेक मुले अठराच्या आतलीच असतात, हे येथे लक्षात घ्यावे.

कायद्याचा विषय निघालाच आहे, तर थोडे आणखी. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. हा आकडा लिहिताना हात थबकतो. विशाखापट्टणम येथे वैद्यकीय प्रवेश परीक्षेची तयारी करणाऱ्या एका सतरा वर्षांच्या मुलीचा जुलै २०२३ मध्ये मृत्यू झाला. तिच्या पित्याने दाद मागितली. २५ जुलै २०२५ रोजी त्या खटल्याचा निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने सर्व शिक्षणसंस्थांसाठी पंधरा मार्गदर्शक सूचना घालून दिल्या. शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत निदान एक प्रशिक्षित समुपदेशक वा मानसशास्त्रज्ञ असावा, ही त्यांतली एक. गुणांवरून मुलांच्या तुकड्या वेगळ्या पाडू नयेत, चारचौघांत मानहानी करू नये, ही दुसरी. आमच्या दुकानी आलेल्या विद्यार्थ्यांना हे साधन करण्याची बुद्धी झाली तीही त्याच निकालाच्या बातमीवरून, असे त्यांनी सांगितले.

तिसऱ्या भेटीत मी त्यांच्यापुढे माझ्या अटी ठेवल्या. पहिली, कॅमेरा नको. दुसरी, यंत्राने जे टिपले ते प्रथम त्या विद्यार्थ्यालाच दिसले पाहिजे. प्राचार्य, रेक्टर अथवा आईबाप यांना यादी जाता कामा नये. या अटीवर एक मुलगा चकित झाला. ‘काका, तुम्ही स्वतः पालक असून असे म्हणता?’ मी म्हणालो, पालक आहे म्हणूनच म्हणतो. २०१८ साली माझ्या हाती अशी यादी पडली असती, तर मी मुलाला फोन करून ‘तुला ताण कसला? आम्ही काय कमी केले?’ एवढेच विचारले असते, याबद्दल मला तिळमात्र संशय नाही. मग त्याने तो पट्टा मित्राच्या मनगटाला बांधला असता. ज्याच्या नोंदीचा त्याच्यावरच वापर होणार, तो खोटी नोंद करतो. खात्यांच्या तपासणीचा थोडाबहुत अनुभव असलेल्यांस याहून अधिक सांगावयास नको.

तिसरी अट पैशांची. साठ हजार देतो, पण त्यांतील निम्मे पट्ट्यांसाठी आणि निम्मे समुपदेशकाच्या मानधनासाठी. आठवड्यातून दोन संध्याकाळी का होईना, पण माणूस बसला पाहिजे. यावर त्यांच्यात बरीच कुजबूज झाली. पट्टे कमी येणार होते. शेवटी त्यांनी मान्य केले.

चौथा प्रश्न मी विचारला, त्याला त्यांच्यापाशी उत्तर नव्हते, आणि माझ्यापाशीही नाही. तुम्ही पुढच्या वर्षी पदवी घेऊन जाल. मग हे चालविणार कोण? ‘वोबॉट’ नावाचे मनोधैर्य देणारे एक संभाषणयंत्र अमेरिकेत २०१७ साली निघाले होते. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी ७० तरुणांवर त्याची दोन आठवडे चाचणी घेतली, उपयोग दिसला, मोठे भांडवल मिळाले. तरीही ३० जून २०२५ रोजी ते अ‍ॅप बंद झाले. इतक्या मोठ्या दुकानाला टाळे लागते तेथे चार विद्यार्थ्यांच्या उद्योगाचे काय? आणि टाळे लागल्यावर त्यातील मुलांच्या नोंदी कोणाकडे राहतात? याकरिता सत्र संपताच सर्व नोंदी पुसून टाकण्याचे त्यांनी लेखी कबूल केले. तो कागद आमच्या तिजोरीत आहे.

जानेवारी २०२६ मध्ये, संक्रांतीनंतर, ती मंडळी पुन्हा आली. हिशेबाचे कागद व्यवस्थित टाचलेले होते, आणि उरलेले नऊशे चाळीस रुपये पाकिटात घालून आणले होते. दिवाणजींना हे फार आवडले. यंत्राची नजर अजून तयार झालेली नाही, हे त्यांनी आपण होऊन सांगितले. बऱ्याच मुलांनी पट्टा पहिल्या महिन्यातच काढून ठेवला. खाज सुटते, लोक विचारतात, अशी कारणे. त्र्याण्णव टक्के हा शब्द या खेपेस कोणी उच्चारला नाही. आपल्या वसतिगृहाच्या जेवणघरात खाड्यांची वही आहे का, याची चौकशी मात्र त्यांनी केली होती. वही नव्हती; तेथे आता कार्ड टेकवून ताट मिळते. त्या कार्डाच्या नोंदी मुलांच्या संमतीने मिळतील का, याची खटपट चालू आहे.

एक गोष्ट मात्र अपेक्षेबाहेर घडली. अ‍ॅपमध्ये त्यांनी अगदी तळाशी, केवळ शोभेला म्हणून, एक कळ ठेवली होती : ‘मला कोणाशी तरी बोलायचे आहे.’ हिला ना संवेदक लागतो, ना बुद्धिमत्ता. सर्वांत अधिक वापर या कळीचा झाला. एका मुलाने ती रात्री अडीच वाजता दाबली होती. समुपदेशक आले ते दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. मधले सोळा तास कोणाच्याच ध्यानात आले नव्हते. हे उघडकीस आल्यावर त्या चौघांनी ती कळ सरकारच्या ‘टेलिमानस’ या दूरध्वनी सेवेशी जोडून दिली. १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू असलेली ही सेवा चोवीस तास विनामूल्य मिळते, मराठीत व कन्नडमध्येही बोलता येते, आणि तिचा क्रमांक १४४१६ असा आहे. सभासदांनी तो घरात सर्वांना दिसेल अशा जागी लिहून ठेवावा, म्हणून येथे मुद्दाम देत आहे.

तो अडीच वाजता कळ दाबणारा मुलगा सध्या परीक्षेच्या तयारीत आहे, असे त्या मुलीने जाता जाता सांगितले. त्याचे नाव तिने सांगितले नाही, आणि मीही विचारले नाही.